मंगळवारचा शेजार

"एकट्यानं काम तडीस न्यायला किती वर्षं साधना करावी लागते?"

तो उभ्या उभ्याच विचारत होता. बस म्हटलं तरी बसेना.

आमच्या मठातले भैरूबाबा म्हणाले, "कुठलं काम?"

"माझं. मी यशोधन कुलथे. बांबूचे दिवे करतो. पुण्याच्या दुकानात जातात माझे दिवे."

मी शेजारीच शेवयांच्या पुड्यांवर लेबलं चिकटवत होते. माणसाच्या तोंडाकडं बघत राहिलं की मला तो काय बोलतो ते कळत नाही, म्हणून मी हातांकडं बघते. याचे हात चांगले होते. पण क्षणभरही जागेवर नव्हते.

"मग अडलंय कुठं?"

"काठाशी. दिवे झालेत, नुसता काठ विणायचा राहिलाय. विणायला बसलो की डोक्यात नवा दिवा येतो. तो सुरू करतो. मग तोही..."

त्यानं एक येरझार घातली.

"उद्या सकाळी टेम्पो येतोय. दिवे गेले नाहीत तर दुकानवाला पुन्हा माझ्याकडून घेणार नाही. मग हे सगळं बंद. भावाच्या फरशीच्या दुकानात बसायचं."

हे तो इतकं हळू म्हणाला की माझं लेबल वाकडं लागलं. माझं लेबल कधी वाकडं लागत नाही.

"डॉक्टरांनी याला नाव दिलंय," तो म्हणाला. "एडीएचडी."

"तुझं नाव जास्त चांगलं आहे," बाबा म्हणाले.

"चेष्टा नको, बाबा. मन एका जागी राहील असा मंत्र द्या. मला कुणाच्या कुबड्या नकोत."

"दिवे कुठं आहेत?"

"गाडीत."

"इकडं कशाला आणलेस?"

"...घरात बघवत नव्हते."

"उतरव."

आमच्या या कृष्णाकाठच्या मठात मंगळवारी भजन नसतं, शेजार असतो. जरा वेगळ्या डोक्याची, धंदा करणारी आम्ही काही माणसं टाळून टाळून राहिलेलं एक काम घेऊन येतो. ओसरीवर नदीकडं तोंड करून शेजारी शेजारी बसतो. कुणाकडं बघावं लागत नाही. विचारल्याशिवाय कुणी कुणाला शिकवायचं नाही, एवढाच नेम. त्या दिवशी मी होते, चपला करणारा शौकत होता, आणि आता हा.

तो बसला. गुडघा हलत होता. घटकाभरानं म्हणाला, "इथं कुणी बोलत नाही?"

"लागेल तेवढं बोलतात," बाबा म्हणाले.

"मग ओळखी कशा होणार? मी पुण्यात उद्योजकांच्या मेळाव्याला जातो. खिसाभर कार्डं मिळतात."

"त्यातल्या कुणाला काठाचं सांगितलंस?"

तो हसला. मग हसू गेलं. "तिथं सगळ्यांचं छान चाललेलं असतं, बाबा."

एवढ्यात माझा फोन वाजला. फोनवर बोलणं मला जमत नाही. मी तो शौकतकडं सरकवला. शौकत इस्लामपूरच्या दुकानदाराशी हसून खेळून बोलला, पुड्या कधी पाठवायच्या ते ठरवलं आणि फोन परत दिला. त्याला आलेला मेसेज मी त्याला वाचून दाखवला. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं जागा बदलतात. आमचं हे असंच चालतं.

यशोधननं ते पाहिलं. चांगल्या मनानंच म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतः बोलायला शिका. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. सवयीनं जमतं सगळं."

मला राग आला. फार आला. हेच मला घरी ऐकवलंय, शाळेत ऐकवलंय, बँकेतल्या साहेबानंही ऐकवलंय. मी लेबलं तिथंच टाकली आणि ओसरीच्या पार टोकाला जाऊन बसले.

शौकतची चपला शिवायची आरी थांबली.

बाबांनी विचारलं, "यशोधन, तुला लोक काय सांगतात?"

"मला?" तो म्हणाला. "एका जागी बस म्हणतात. एक हातात घे, ते पुरं कर, मग दुसरं. सवयीनं जमतं..."

त्यानं हातातला दिवा खाली ठेवला.

मग माझ्याजवळ पावलं आली. त्याला कुठं बघावं ते कळेना, म्हणून तोही नदीकडंच बघत म्हणाला, "ताई, चुकलं माझं."

खरं सांगते, तिथंच तो मला आवडायला लागला. मी उठून परत माझ्या लेबलांशी आले. तो दिव्यांशी गेला.

एक काठ विणून झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला हात रेंगाळला. मी तिरक्या नजरेनं पाहिलं तर त्यानं नवीनच काडी घेतलेली, आणि तिचा पक्षी व्हायला लागलेला. सुंदर होता, मेला. पण टेम्पो काही पक्ष्यासाठी येत नव्हता.

मला वाटलं, आता बाबा बोलणार.

बाबा बोलले नाहीत. आत गेले, दिवाळीपासून अर्धी पडलेली गोधडी घेऊन आले आणि त्याच्या अगदी लगत बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतके. सुईत दोरा ओवला आणि टाके घालायला लागले.

टाका... टाका... टाका.

यशोधननं गोधडीकडं पाहिलं. पक्षी खाली ठेवला. दिवा उचलला.

मध्ये मी सगळ्यांना चहा दिला. तो दोनदा उठून घाटापर्यंत चालून आला, तेव्हाही कुणी काही विचारलं नाही. आला की बाबा थोडे सरकत आणि तो बसे.

ऊन उतरलं तेव्हा विणलेल्या दिव्यांनी ओसरी भरली होती. थोडेच राहिले होते, त्याच्या उजव्या हाताला.

त्यानं हात पुढं धरून पाहिले. जागेवर होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. दिसलं नाही मला, आवाजावरून कळलं.

"बाबा," तो म्हणाला, "गुडघ्यात काय मंत्र होता तुमच्या?"

"संधिवात आहे."

शौकत हसला. तोही हसला. मग उठला, कपडे झटकले, दिवे गोळा करायला लागला. मान आता ताठ होती.

"राहिलेले घरी करीन. युक्ती कळली मला. आता एकट्यानं जमेल. पुढच्या मंगळवारी तुम्हाला त्रास नाही."

तो वाकून पाया पडला.

बाबांनी त्याचा हात धरला तो सोडला नाही. मांडीवरची गोधडी अजून अर्धीच होती.

"मग माझं कसं व्हायचं, रे?"