सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्येने लिहिलेली वही हातात घेऊन अगदी अडाण्यासारखा वागू लागला.

त्याने चाळीस वर्षांपूर्वीचा एक संगणक आपल्या खोलीत चालू स्थितीत राखला होता. तसा दुसरा कुठे आहे का, हे विचारणारी पत्रं जुन्या सहकाऱ्यांना पाठवणं त्याने केव्हाच सोडलं होतं. कारण उत्तरं त्यांच्या मुलांकडून येऊ लागली होती, 'बाबा गेले' अशी. तो संगणक सुरू होई एका फ्लॉपीवरून. तशी एकच फ्लॉपी आता शाबूत होती, आणि कोऱ्या फ्लॉपी मिळेनाशा झाल्यामुळे तिची नक्कलही करता येत नव्हती.

अलीकडे वृद्धाचे हात थरथरत. एका व्यापाऱ्याने आपल्या संग्रहालयासाठी संगणक मागितला, तेव्हा त्याने तो देऊ केला. अट एकच, सोबत वही जाईल. शिष्येने दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून ती तयार केली होती. बारा पानं, सुवाच्य अक्षर, शेवटी अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेचा तिला जरा अभिमानच होता.

व्यापारी टेम्पो घेऊन आला. तेव्हा वृद्धाने वही उघडली आणि तो मोठ्याने वाचू लागला, "'फ्लॉपी आत सारावी.' बरं." त्याने फ्लॉपी उचलली आणि उलटी सारू लागला.

"सर, उलटी आहे!"

"असं होय? वहीत नाही ते." त्याने ती सुलटी करून आत सारली. "पुढे? 'बटण दाबावं.'" यंत्र अजून बंदच होतं. त्याचं बोट विजेच्या बटणाकडे गेलं.

शिष्येने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. "सर, काय करताय! मी लिहिलंय ते फ्लॉपी वाचायचं बटण, हे विजेचं! विजेचं आधी दाबायचं, पंख्याचा आवाज स्थिरावला की मग फ्लॉपी. नाहीतर विजेच्या झटक्याने सगळं पुसलं जाईल!"

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणजे? हे तर सगळ्यांना माहीत असतं!"

दारातून व्यापारी म्हणाला, "मला नव्हतं बुवा. मी उद्या हेच केलं असतं."

वृद्धाने मनगट सोडवून घेतलं नाही. "अगं, मी नोकरीत होतो तेव्हा हे खरोखरच सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुणी लिहिलं नाही. पुढे एकेक जण गेला. आज सगळे म्हणजे मी एकटा. अवघड ते माणसं लिहून ठेवतातच. हरवतं ते सोपं. उद्या तिथे जो बसेल, त्याचं मनगट धरायला तू नसशील. तुझ्या वहीने ते धरायला हवं."

शिष्येचं नुकतंच लग्न झालं होतं. नव्या घरात कुणाचा पेला कोणता, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने चुकीचा उचलला तेव्हा मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

तिने व्यापाऱ्याला खुर्चीत बसवलं. "तुम्ही चुका. मी लिहिते."

"अहो ताई, टेम्पोवाला ताटकळलाय."

"ताटकळू दे."

व्यापारी मनापासून चुकला. फ्लॉपी तेवढी सोडून त्याने नको तिथे हात घातला, नको ते विचारलं. संध्याकाळपर्यंत चव्वेचाळीस पानं झाली. अनुक्रमणिका करायचं कुणाला सुचलं नाही.

संगणक टेम्पोत चढला. वही देण्याआधी शिष्या थांबली. "सर, ते सगळे म्हणजे कोण कोण?"

"त्याने यंत्र थोडंच चालणार आहे?"

"नाही. पण एक पान उरलंय."

वृद्धाने रिकाम्या टेबलावर हात ठेवला. "येवलेकर," तो म्हणाला. "डिमेलोबाई. काझी. आणि चौथ्याला आम्ही मास्तर म्हणायचो. अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. त्याचं आडनाव..."

व्यापारी दारातच उभा होता. या वेळी त्याने घाई केली नाही.

शिष्येने 'मास्तर' असं लिहिलं, आणि पुढे एका शब्दापुरती जागा कोरी सोडली.