गोमाच्या कोंबड्या आणि पेवातली ज्वारी

फार पूर्वी कुंभवती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता. तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. बोधिसत्त्वाच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्यकोठारात, जुनी ज्वारी होती. येत्या पौर्णिमेला ती लोकांना वाटायचे ठरले. पेव उघडले तर वरचा थर ओल लागून हिरवट पडलेला. धाकटा भाऊ कालक याने तो शेजारच्या गोमाला कोंबड्यांसाठी देऊन टाकला.

आठवड्याने गोमा धावत आली. "शेटजी, माझ्या कोंबड्या बघा हो!"

कोंबड्यांचे तुरे फिकट पडले होते, पंख लोंबत होते, पिल्लांना पायांवर उभे राहवत नव्हते. लोक म्हणाले, मरी आली. बोधिसत्त्वाने मात्र दाण्यांचा कुबट वास घेतला आणि त्याला ज्वारीचाच संशय आला.

पेवाच्या तळची ज्वारी वरून चांगली दिसत होती. त्याने त्यातली थोडी धुतली, वाळवली, भाजली आणि जड मनाने दोन धडधाकट कोंबड्यांना घातली. त्याही मलूल झाल्या. आजारी कोंबड्यांना त्याने आपल्या घरचे स्वच्छ धान्य दिले. त्यांतल्या काही हळूहळू माती उकरू लागल्या. पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती.

"गप्प राहा, दादा," कालक म्हणाला. "कोंबडीचं पोट वेगळं, माणसाचं वेगळं."

"असेलही. मला ठाऊक नाही, म्हणूनच भीती वाटते."

पौर्णिमेला दारात टोपल्या घेऊन माणसे उभी राहिली. कडेवरची मुले रडत होती. बोधिसत्त्वाच्या मनात आले, हे सांगितले तर लोक उपाशी राहतील. न सांगितले तर? त्याने सगळे सांगितले आणि पेवातली ज्वारी बाहेर काढून पेटवली. लोकांनी त्याला शिव्याशाप दिले. "भाव वाढवायला जाळतोय!" कुणीतरी ओरडले.

त्याने घरचे धान्य वाटले, बैल आणि दागिने विकले, आणि शेजारच्या राज्यातून गाड्या भरून धान्य आणले. तोवरचा एकेक दिवस त्याने जीव मुठीत धरून काढला. गाड्या आल्या तरी कुणी पुढे होईना. तेव्हा त्याने त्याच धान्याची भाकरी भाजून सर्वांसमोर खाल्ली. मग गोमाने आपली टोपली पुढे केली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक म्हणजे आज तुमच्यात बसलेला भिक्षू तिस्सक, गोमा म्हणजे उपासिका नंदिला, आणि तो व्यापारी मीच होतो." अशा रीतीने बोधिसत्त्वाने त्या जन्मी सत्यपारमिता, म्हणजे सत्यनिष्ठेची परिपूर्णता, साधली.