करवंटीतली माती

गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगणारेही आता कुणी उरले नाही. पण नावावाचून गोष्ट अडत नाही.

त्या राज्यात एका ओढ्याच्या काठी लहान मुलांची शाळा होती. मुले इतकी लहान, की निम्म्यांना स्वतःचे नाक पुसता येत नसे. शिकवायला एकच बाई होत्या आणि त्यांची एक रीत होती. नवे मूल शाळेत आले, की त्याने पाटी आणायची नाही. आपल्या घरच्या अंगणातली ओंजळभर माती आणायची. बाई त्याला नारळाची करवंटी आणि वालाचा एक दाणा देत. माती मूल स्वतः भरी, दाणा स्वतः पेरी आणि पाणीही स्वतःच घाली.

ओसरीवर अशा करवंट्यांची रांग लागे आणि कुठल्याच दोन करवंट्यांतली माती सारखी नसे. डोंगराकडच्या घरची तांबडी आणि मुरमाड, कोळ्याच्या घरची वाळूमिश्रित, गवळ्याच्या घरची शेणखताने भुसभुशीत. कुंभाराच्या मुलीने आणलेल्या मातीत मडकी भाजायच्या आव्यातली राख होती. ती बोटांना पिठासारखी लागे. मुलगी येता-जाता तिच्यात बोट खुपसायची आणि ते नाकाशी नेऊन हुंगायची.

गावातल्या शहाण्यांना हे पटत नसे. "घरी काय माती कमी आहे, म्हणून शाळेत जाऊन माती खेळायची?" असे ते विचारत. बाई हसून सोडून देत. हसणे त्यांना परवडत होते, कारण तोवर कुणी त्यांच्या शाळेच्या मुळावर उठले नव्हते.

मग राज्याचे प्रधान उठले. त्यांना राजवाड्याच्या घोड्यांसाठी पागा बांधायची होती आणि ओढ्याकाठची जागा त्यांच्या मनात भरली होती. शाळेमागची पडीक जमीन बाईंनी मुलांच्या मळ्यासाठी राणीकडे मागितली होती. प्रधानांना ती शाळेसकट हवी होती. ते राणीला म्हणाले, "सरकार, पलीकडच्या गावात मुलं शंभर झाडांची नावं घडाघडा म्हणतात. इथली नुसती चिखलात लोळतात. ही शाळा मोडावी आणि मुलं तिकडे धाडावीत."

एकाचे ऐकून निवाडा करायची राणीला सवय नव्हती. ती म्हणाली, "मी स्वतः जाऊन बघते. मुलांच्या हातून काही उगवत असेल, तर जमीन त्यांची. नसेल, तर बांधा पागा."

निरोप आला आणि बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्या वर्षी ओसरीवर एकही रोप धड नव्हते. मुलांचा आपापल्या रोपावर फार जीव होता, आणि जीव असला की काय करायचे, ते त्यांना एकच ठाऊक होते. पाणी घालायचे. शाळेत आले की घालायचे, खेळून दमले की घालायचे, घरी जाताना पुन्हा घालायचे. बाईंनी मुद्दाम अडवले नव्हते. अति तेथे माती, हे त्यांचे त्यांनाच कळू दे, असा बाईंचा विचार होता. वाल उगवले, कमरेत वाकले ते वाकलेच, आणि देठ कुजून आडवे झाले. शिकवायला याहून चांगली वेळ आली नसती. पण राणी दुसऱ्याच दिवशी यायची होती.

बाई वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेले माणूस मूर्खपणा करते तो शहाणपणा समजूनच करते. मुले घरी गेल्यावर त्या माळ्याकडे गेल्या आणि टोपलीभर वालाची रोपे घेऊन आल्या. कुजलेली रोपे त्यांनी मातीसकट भिंतीमागच्या उकिरड्यावर ओतली. रिकाम्या करवंट्यांत माळ्याची काळीभोर माती भरली, तीत हिरवीगार रोपे लावली आणि करवंट्या होत्या तिथेच मांडल्या. "मुलांचंच भलं आहे यात," असे त्या स्वतःशी दोनदा म्हणाल्या. एकदा म्हणून भागले नाही.

सकाळी मुले आली आणि पाठोपाठ राणीची पालखीही आली. मुले ओसरीवर नाचत होती. आडवी झालेली रोपे पुन्हा उभी राहिली याचे त्यांना फारसे नवल वाटले नाही. त्या वयात कशाचेच वाटत नाही. राणीने हिरवी रांग पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. प्रधानांचा उतरला.

तेवढ्यात कुंभाराच्या मुलीने सवयीने करवंटीत बोट खुपसले, नाकाशी नेले आणि भोकाड पसरले.

"ही माझी न्हाई! बाई, माझी माती कुटं गेली?"

"तुझीच आहे, बाळ," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"न्हाई! माझ्यात राख हुती. ही चिकाट हाय."

राणी हसली. "लहान आहे. चुकली असेल. होय ना, बाई?"

बाईंनी नुसते होय म्हणायचे होते. तेवढ्याने शाळा राहणार होती आणि मळाही मिळणार होता. त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलगी रडायची थांबली होती. ती एकदा बाईंच्या तोंडाकडे बघे आणि एकदा आपल्या बोटाकडे. दोघांपैकी कुणाचे खरे मानायचे, ते तिचे ठरत नव्हते. आपण होय म्हटले, तर ही पोर यापुढे मातीत बोट घालणार नाही, आणि घातले तरी त्या बोटावर विश्वास ठेवणार नाही. मग वाचलेल्या शाळेत आपण शिकवणार काय? त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही, राणीसाहेब," त्या म्हणाल्या. "ती चुकली नाही. चुकले मी. ही रोपं माळ्याची आहेत. मुलांची कुजली, ती मी उकिरड्यावर टाकली."

'उकिरडा' हा शब्द ऐकताच मुलगी भिंतीमागे धावली. परतली तेव्हा तिच्या मुठीत राखाडी चिखल होता आणि त्यात एक मऊ पडलेला देठ. तिने तो हुंगला आणि नाक मुरडले.

"कुजलंय. पाणी लई झालं."

"हे तुला कुणी सांगितलं?" राणीने विचारले.

"सांगाया कशाला पायजे? वास येतोय की!" मुलीने मूठ राणीच्या नाकाशी नेली.

राणीने वास घेतला. वास खरोखरच वाईट होता.

"सरकार, ही सरळ फसवणूक आहे," प्रधान पुढे होऊन म्हणाले.

"आहेच," राणी म्हणाली. "म्हणून जमीन आज मिळणार नाही. पण जी पोर आपली माती बोटानं ओळखते, तिची शाळाही मी मोडणार नाही. वालाला शेंगा धरतील तेव्हा पुन्हा येईन. बाई, त्या वेळी जे असेल ते दाखवा."

मुलांनी पुन्हा घरून माती आणली, पुन्हा दाणे पेरले. या खेपेला पाण्याचा लोटा उचलण्याआधी जो तो मातीत बोट घालून बघू लागला. बोट ओले झाले, तर लोटा खाली. हा नियम बाईंनी केला नव्हता. कुंभाराच्या मुलीने केला होता आणि मोडणाऱ्याला ती चिमटा काढत असे. तरी सगळी रोपे जगली नाहीत. काही मुंग्यांनी नेली, काही उन्हाने गेली, आणि एका दुपारी बकरी ओसरीवर चढली.

राणी आली तेव्हा मेलेल्या रोपांच्या करवंट्या बाईंनी पहिल्या रांगेत मांडल्या होत्या. मागच्या रांगेत हिरवे वेल शेंगांनी वाकले होते. प्रत्येक मूल आपल्या करवंटीपाशी उभे होते.

राणीने कुंभाराच्या मुलीला ओळखले. ती पहिल्या रांगेत होती.

"तुझं कुठलं?"

"ह्ये." मुलीने करवंटीतला बोटभर खुंट दाखवला. मान खाली घातली नाही. "शेंगा धरल्या हुत्या. बकरीनं खाल्लं. आता मी जमिनीत लावनार आन् भवतीनं काट्याचं कुंपण घालनार. पर तुमी जागाच दिली न्हाई."

प्रधानांनी डोळे वटारले. राणी मात्र ओसरीवरून उतरली, शाळेमागच्या पडीक जमिनीत गेली आणि तिने मूठभर माती उचलून मुलीच्या हातावर ठेवली. मुलीने ती आधी हुंगली, मगच मूठ मिटली.

पागा दुसरीकडे बांधली गेली. मळा झाला, काट्याचे कुंपणही झाले. त्या शाळेत पुढे किती बाई आल्या आणि गेल्या, पण मेलेले रोप पहिल्या रांगेत मांडायची रीत कुणी मोडली नाही.

बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, एवढे ध्यानात ठेवा: मुलाच्या हातून मेलेले रोप त्याला काहीतरी शिकवून जाते, मोठ्यांनी गुपचूप बदललेले रोप फक्त खोटे शिकवते.