सोमा घाड्याचा कित्याक

तुमच्या पणज्याच्या मिशा काळ्याभोर होत्या आणि अक्कल तुमच्याएवढीच होती, तेव्हाची ही गोष्ट. झरेखोल गावात सोमा घाडी राहायचा. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्याने देवापुढे मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सोमाने आवाज लावला की पोफळीवरची सुपारी पिकून खाली पडायची, असं म्हणतात. गर्वही तेवढाच. शिंकला तरी कोणी ऐकलं का म्हणून मागे वळून बघायचा.

गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे सपाट कातळाचा डोंगरमाथा. तो पावसाळाभर पाणी पितो आणि उन्हाळाभर खालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडतो. त्या व्हाळावर अख्ख्या गावाच्या बागा. सड्याखाली लोखंड आहे, असा एका कंपनीला वास लागला. खाणीला गावाची संमती हवी होती. सरपंच तात्या राऊळांना खाण लगेच पटली. त्यांना काहीही लगेच पटायचं. मग कंपनीच्या साहेबाने सोमाच्या खांद्यावर शाल घातली. "घाडीबुवा, ग्रामसभेत खाणीचं गाऱ्हाणं तुमच्याच तोंडून शोभेल."

झालं. शाल सावरत सोमा उभा राहिला. "बा रवळनाथा, सड्यार खाण येंव दे रे म्हाराजा."

गाव काय म्हणणार? पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. निम्मे पान लावत होते, निम्मे पेंगत होते. सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." ग्रामसेवकाने लिहून टाकलं, सर्वानुमते मंजूर.

कंपनीने सड्याच्या कोपऱ्यात चाचणीचा खड्डा मारला आणि बघता बघता व्हाळ लाल झाला. भात लाल, धोतरं लाल, भटजींची म्हैससुद्धा लाल, असं म्हणतात. पोफळी माना टाकू लागल्या. सोमाच्या बायकोने, द्वारकेने, लाल पाण्याची घागर त्याच्या पुढ्यात आदळली.

"देवान तुमका आवाज दिल्यान," ती म्हणाली, "आणि अक्कल देऊक इसारलो."

सोमा शाल टाकून सडा चढला. खड्ड्यात तोंड घालून ओरडला, "चुकलंय."

आपलंच बोलणं आपल्याला परत द्यावं, ही डोंगराची रीत. पण त्या दिवशी भलताच शब्द वर आला. "कित्याक?" म्हणजे, का? सोमा उत्तर शोधत बसला. शाल मिळाली म्हणून, हे काही डोंगराला सांगण्यासारखं नव्हतं.

पुढे जिल्ह्याचा मोठा साहेब शेवटचा शिक्का मारायच्या आधी गावाचं म्हणणं ऐकायला आला. कंपनीच्या साहेबाने दुसरी शाल आणली, जरीची. सोमाने तीही घेतली. फुकटची शाल कोण सोडतो? मग सूर लावला, "सड्यार खाण येंव दे रे म्हाराजा." गावाने व्हय म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात सोमाच कडाडला, "कित्याक?"

गाऱ्हाण्यात असा शब्द कोणी ऐकला नव्हता. उघडी तोंडं उघडीच राहिली. मग बायकांतून द्वारका म्हणाली, "कित्याक म्हाराजा?" आणि तिच्यामागून अख्खा गाव.

"नोकऱ्यांसाठी," कंपनीचा साहेब म्हणाला.

"किती वर्सां?" सोमाने विचारलं.

"पंधरा तरी."

"आणि मगे?"

कंपनीच्या साहेबाने जाडजूड अहवाल उघडला.

"आमचा पाणी खंय जातला?" द्वारकेने विचारलं.

"पाण्याची सोय अहवालात केलेली आहे."

"मगे तो अहवाल माझ्या घागरीत ओतून दाखवा."

मोठा साहेबही हसला. तेवढ्यात सड्यावरून, जिथे चिटपाखरू नव्हतं तिथून, गडगडत आवाज आला, "कित्याक?" मोठ्या साहेबाच्या हातातला शिक्का निसटून टेबलाला असा चिकटला की शिपायांनी ओढूनही निघेना, असं म्हणतात. साहेबाने कागदावरचं 'सर्वानुमते' खोडलं आणि खाणीला नाही म्हणून लिहिलं. खड्डा गावाने बुजवला. पुढच्या पावसाळ्यानंतर व्हाळ निवळला.

सोमा मेला नाही, सड्यावर जाऊन आवाज होऊन राहिला, असं म्हणतात. द्वारका म्हणायची, "घरात तरी खंय गप रवत होते."

झरेखोलात आजही, गाऱ्हाणं असो की ग्रामपंचायतीचा ठराव, कोणी आधी व्हय म्हणत नाही. सोमाच्या नावाने एक जण उठतो आणि कित्याक विचारतो. उत्तर पटेपर्यंत हात वर जात नाही. सरपंच कोणीही असो, कुरकुरतो, सभा जेवणवेळेच्या पार जाते म्हणून. जाऊ दे की. प्यायला पाणी भरपूर आहे.