डावरीचं कौल

आडदऱ्याच्या टेकडीवर चार भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. आत एक जांभूळ वाढले आहे. बंगला पडका आहे असे पाहुण्यांना वाटते. खालच्या वाडीतले तात्या झोरे मान हलवतात. ‘‘पडला नाय, उघडा केलाय,’’ म्हणतात, आणि जोत्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकीगत सांगू लागतात.

इंग्रजी अमदानीत इथे लव्हिनिया मडम राहायची म्हणे. विलायतेतल्या जमीनदार घराण्यातली लेक. तिचा हुंडा ठरवला दोन्हीकडच्या वकिलांनी; तिला विचारतो कोण? माहेरचा पैसा सासरच्या इस्टेटीत मुरला. बदल्यात नवरा आधी गेला तर तिला काय, तेही तेव्हाच कागदावर चढले: टेकडीवरचे हे लहान घर, हयातभर. अट एकच. त्या छपराखाली दुसऱ्या कुणी रात्र काढायची नाही. काढली तर घर गेले. विधवेने दुसरा घरोबा करू नये, एवढाच वकिलांचा हेतू होता. पण कागदावर चढला तो शब्द, हेतू नव्हे.

नवरा हार्टवेल साहेब लग्नानंतर लवकरच तापाने गेला. मोठा बंगला दिराकडे गेला आणि मडम टेकडीवर आली. विलायतेत परतावे, तर माहेरी आता भावजयीचे राज्य होते.

बटलर पेद्रू या घराला ‘डावर हाउस’ म्हणे, म्हणजे विधवेच्या वाट्याचे घर. वाडीने ऐकले ‘डावरी’. मडम डावखुरी असणार, असे वाडीने ठरवून टाकले. पुढे तिच्या डाव्या हातात कप पाहिल्याचे कुणीतरी सांगितले आणि मग काय, शिक्कामोर्तबच झाले.

घर चांगले होते, पण नुसत्या भिंतींशी किती बोलणार? दिवेलागणीला पेद्रू मोठ्या बंगल्याकडे निघाला की मडम दारात उभी राही, त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत. खाली वाडीत कुणी हसले की तिला भरून येई. आपला आवाज आपण विसरू नये म्हणून ती एकटीच मोठ्याने बोले, असे सांगतात.

एका थंडीत संध्याकाळी भागी नावाची बाई दारात आली. आंदण दिलेली म्हैस मेली, म्हणून सासरच्यांनी तिला हाकलले होते. माहेर दोन डोंगरांपलीकडे, पदराखाली तान्हे मूल.

‘‘बाय, पोराला गारठा बाधंल. रातीपुरतं निजू द्या.’’

‘‘नको, मडम,’’ पेद्रू म्हणाला. ‘‘दीरसाहेबाला कळलं तर घर जाईल.’’

मडम वर पाहत राहिली. कागदातला शब्द न्‌ शब्द तिला पाठ होता.

‘‘पेद्रू, शिडी आण.’’

वाडीतले गडी धावले. पहिले कौल तिने स्वतः काढले, डाव्या हाताने, म्हणे. काळोख पडायच्या आत वासेसुद्धा उतरले. भिंतींनी वारा अडवला आणि मधोमध शेकोटी पेटली. सकाळी दीर कागद घेऊन तणतणत आला. पण छप्परच नाही, तर छपराखाली कोण निजले? आला तसा गेला.

भागी उन्हाळा सरेपर्यंत राहिली. मडमला बाळाची अंगाई पाठ झाली. मग भागीचा भाऊ तिला न्यायला आला. निघताना बाळाचे पाय मडमच्या हातून सुटेनात.

‘‘आता छप्पर घालू या,’’ पेद्रू म्हणाला. ‘‘पाऊस तोंडावर आलाय.’’

‘‘नको. आणखी कुणी आलं तर?’’

कुणी आले नाही. त्या पावसाळ्यात मडम गेली, एकटीच. तिने हाक मारली होती का, आणि मारली असेल तर ती वाडीला ऐकू आली का, हे तात्या सांगत नाहीत.

आजही आडदऱ्यात लेक सासरी निघाली की तिची आई डाव्या हाताने घरावरचे एक कौल काढते. काढताना बोलायचे नाही. शब्द आला की अट आली. ते कौल परत बसवायचे लेक पहिल्यांदा माहेरी आली म्हणजे. पावसाआधी ती यायलाच हवी, म्हणून सासरचेही निमूट धाडतात.

‘‘आणि नाहीच आली तर?’’ पाहुणे विचारतात.

तात्या खालच्या आळीतल्या आपल्या घराच्या छपराकडे बघतात. आभाळ भरून आलेले असते.

‘‘चला,’’ ते उठतात. ‘‘घरात पातेलं मांडायला हवं.’’