राजाची चाल आऊटबॉक्समध्ये

चंदनगडच्या राजाला मेल येत होत्या, पण त्याची एकही मेल जात नव्हती.

आल्या नसत्या तर एक वेळ बरं झालं असतं! कारण येणाऱ्या साऱ्या मेल शेजारच्या सोनवळच्या राणीच्या होत्या. राजा रणधवल आणि ती ई-मेलवर बुद्धिबळ खेळत. एक चाल त्याची, एक तिची, आणि सूर्यास्तापर्यंत ज्याची चाल पोचणार नाही तो हरला. त्या दिवशी सकाळपासून राजाची चाल आऊटबॉक्समध्ये अडकून पडली होती. आता त्याला घोडाच हलवावा लागणार हे ओळखून राणी मात्र सारखी विचारत होती. "राजेसाहेब, घोडा पाणी प्यायला गेलाय का?" मग थोड्या वेळाने, "नाल ठोकायला आमचा लोहार पाठवू का?"

राजा फणफणत होता, पण उलट टोला हाणणार कसा? तोही आऊटबॉक्समध्येच जाऊन बसायचा.

झालं होतं असं, की राजाने आदल्याच दिवशी इंटरनेट बदललं होतं. राणीकडे फायबर आहे हे कळल्यापासून त्याला आपली तांब्याची तार बघवेना. त्याने जुन्या कंपनीची तार उपटून फेकली आणि नव्या कंपनीचं फायबर घेतलं. मेलचा पत्ता मात्र जुन्याच कंपनीचा ठेवला, कारण तो राज्याच्या निशाणावर जरीने विणलेला होता.

टपालाचं काम भिवाजी कारकुनाकडे. राजाने त्याला समोर उभं केलं आणि फर्मावलं, की सूर्य मावळायच्या आत चाल गेली पाहिजे. जुनी तार जोडायची नाही, पत्ता बदलायचा नाही. जमलं नाही तर नोकरी गेली, राहती खोली गेली, आणि बायकापोरांसह राज्याबाहेर!

मग ज्याने त्याने आपली अक्कल चालवली. दिवाणजींनी मोडेम बंद करून चालू केला. राजज्योतिषांनी त्याचं तोंड पूर्वेला फिरवलं. फायबर कुठे तुंबलंय का, हे बघायला सेनापतींनी ते भिंतीभर ठोकून काढलं. चाल जागची हलली नाही. दर वेळी पडद्यावर एकच ओळ उमटे: आपण कोण? नाव आणि पासवर्ड सांगा.

भिवाजीने चाचरत कारण सांगितलं. जुन्या तारेवरून जे येई ते राजवाड्यातूनच, हे जुन्या कंपनीला ठाऊक होतं. म्हणून ती काही न विचारता मेल पुढे धाडायची. आता तीच मेल परक्या तारेवरून तिच्या दारात येते, म्हणून ती ओळख विचारते. जाणाऱ्या टपालासाठी राजाचं नाव आणि पासवर्ड घातला की काम झालं.

"मी?" राजा गरजला. "मी कुणाच्या दारात उभा राहून नाव सांगू?"

पंचाईत इथेच होती. चंदनगडच्या राजाने कुठल्याही दारात आपलं नाव सांगायचं नाही, असा त्याच्या आजोबांपासूनचा रिवाज होता. म्हणून तर भिवाजीने जाणाऱ्या टपालाची नावाची जागा पहिल्यापासून कोरी ठेवली होती. दिवाणजींनी तिथे स्वतःचं नाव घालून पाहिलं, तर कंपनीने त्यांना सरळ वाटेला लावलं. शेवटी राजाने हात झटकले. चालही जाईल आणि मी नावही सांगणार नाही, कसं ते भिवाजीने बघावं!

उन्हं कलली. भिवाजीची मुलगी सगुणा बापाचा डबा घेऊन आली होती. डबा तसाच राहिला होता. तिने सारं ऐकून घेतलं आणि राजासमोर जाऊन उभी राहिली. बापाने मागून तिची ओढणी ओढली, पण ती कसली ऐकते!

"सरकार, राणीसाहेबांच्या या मेल कुणाच्या नावे आल्या?"

"माझ्या. दुसऱ्या कुणाच्या येणार?"

"पण तार तर कालपासून परकी आहे. मग कंपनीने तुमचं टपाल या तारेवर दिलंच कसं?"

राजाने दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी मोडेमकडे पाहिलं.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?" सगुणाने विचारलं.

"फक्त मला. माझ्या सावलीलासुद्धा नाही."

"मग येणाऱ्या टपालाच्या जागी तो भरलेला आहे, नावासकट. तो कुणी भरला?"

राजाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला आठवलं. मेलचा पत्ता घेतला तो दिवस त्याच्या वाढदिवसाचा होता. शुभेच्छांचा ढीग येऊन पडला होता, आणि त्या वाचायच्या घाईत त्याने सगळ्यांना दालनाबाहेर काढून नाव नि पासवर्ड स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता.

सगुणा म्हणाली, "तेव्हापासून सरकार रोज त्याच कंपनीच्या दारात जाऊन नाव सांगतात आणि टपाल घेतात. घेताना सांगितलं तेव्हा रिवाज मोडला नाही. द्यायची वेळ आली तेव्हाच कसा आडवा आला?"

भिवाजीने डोळे मिटून घेतले.

आणि राजा हसला! आधी मिशीत, मग पोट धरून, मग सिंहासनाच्या हातावर थापा मारत. हसत हसतच उठला, सगळ्यांना पाठ फिरवायला लावून त्याने कोरी जागा भरली आणि बटण दाबलं. चाल सुर्रकन गेली. सूर्य अजून डोंगरावर टेकलेला होता.

लगेच राणीचं उत्तर आलं. "घोडा पोचला. तुमचा वजीर मारला."

राजा आणखीच हसला. भिवाजीची नोकरी आणि खोली कायम झाली. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून राजाने सगुणापुढे धरला. तिने तो घेतला नाही. आमच्या आळीतल्या शाळेत इंटरनेटच नाही, तिथवर फायबर ओढून द्या, असं ती म्हणाली.

"दिलं!" राजा म्हणाला. "दिवाणजी, आत्ताच्या आत्ता अर्ज करा."

दिवाणजी घुटमळले. "सरकार, ते विचारतील, कुणाच्या नावावर?"

"माझ्या!" राजा म्हणाला. "आणि न विचारता सांगा!"