धाकट्या भावाकडची डोलकाठी

समुद्रकाठच्या एका गावात एक वृद्ध कारागीर राहत असत. मोडकी लाकडी खेळणी पूर्ववत करण्यात त्यांचा हातखंडा होता. एक तरुण शिष्य त्यांच्यापाशी राहून ही विद्या शिकत होता.

एके दिवशी गावातला एक प्रतिष्ठित व्यापारी खेळण्यातले एक शिडाचे गलबत घेऊन आला. त्याच्या वडिलांनी ते आपल्या दोन्ही मुलांसाठी स्वहस्ते घडवले होते. आता रंग उडाला होता, सुकाणू तुटले होते आणि डोलकाठी तर नव्हतीच.

"डोलकाठी कुठे आहे?" वृद्धाने विचारले.

"धाकट्याकडे. दामोदरकडे. वाटण्यांच्या वेळी इतके इरेला पेटलो होतो की खेळणंसुद्धा वाटून घेतलं. आता नातवाला द्यायचंय. तुम्ही नवी काठी बसवा."

"बाकी सगळं करून देतो. काठी मात्र तीच आणा."

व्यापाऱ्याचा चेहरा कठोर झाला. "त्याच्या घराची पायरी मी चढणार नाही."

शिष्याने गलबत खरवडले, भेगा बुजवल्या, नवे सुकाणू लावले, रंग दिला. मग डोलकाठीसाठी सागवानाचा तुकडा तासायला घेतला, तर गुरूंनी तो त्याच्या हातून काढून घेतला. व्यापाऱ्याने निरोपांवर निरोप पाठवले. उत्तर तेच मिळाले. गलबत फळीवर पडून राहिले.

अशातच दामोदर अकस्मात वारला.

तेरावे झाल्यावर व्यापारी स्वतः आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली काठी होती.

"भावजयीने दिली," तो खाली पाहत म्हणाला. "दर नारळी पौर्णिमेला तो हिला तेल लावून ठेवायचा म्हणे. दादाने मागितली, तर ती वाळलेली निघू नये, असं म्हणायचा."

वृद्धाने काठी गलबताच्या छिद्रात धरून पाहिली. ती नेमकी बसली. त्यांनी ती पुन्हा काढली, फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही वस्तू वेगवेगळ्याच व्यापाऱ्याच्या हाती दिल्या. "ही मी बसवणार नाही," ते म्हणाले. व्यापारी त्या घेऊन निघून गेला.

शिष्याला राहवले नाही. "तेव्हा तीच काठी हवी म्हणालात. आता ती आली, तर बसवत नाही. असं का, गुरुजी?"

"काठी तू अर्ध्या दिवसात केली असतीस. एका भावाने दुसऱ्याच्या दारात उभं राहून ती मागावी, एवढंच मला हवं होतं. मोठा त्या दारी गेला, पण ज्याच्याकडे मागायची तोच उरला नव्हता. आता मी ती चिकटवून दिली, तर गलबत अखंड दिसेल आणि आपला समेट झाला होता, असंच त्याला हळूहळू वाटू लागेल. ते खोटं माझ्या हातून नको."

शिष्य थोडा घुटमळला. मग म्हणाला, "पण दामोदरांना तुम्हीच बोलावलं असतंत तर? ते काठी घेऊन आले असते."

वृद्धाने फळीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"आला असता," ते म्हणाले. "मी मोठ्याला नमवायच्या मागे लागलो. धाकट्याचा विचारच केला नाही."

दोन माणसांनी एकत्र यावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने त्यांतल्या एकाला धडा शिकवण्यात वेळ घालवू नये.